साप पाण्याच्या भांड्यातून बाहेरच येत नाही, काय करू?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली. पाळलेला साप अचानक पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो आणि तासन् तास, कधी दिवसच्या दिवस तिथून हलत नाही. म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिलाय. प्रश्न थोडे छोटे केलेत, बाकी जसेच्या तसे आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडे दीड वर्षाचा बॉल पायथन (अजगराची एक छोटी जात) आहे, नर. आत्तापर्यंत पाणी प्यायला जायचा तेवढाच भांड्याशी संबंध. गेले चार दिवस मात्र तो भांड्यातच वेटोळं करून बसलाय, रात्री थोडा वेळ बाहेर येतो आणि सकाळी बघावं तर परत आत. एक मित्र म्हणतो त्याला आवडतंय, बसू दे. दुसरा म्हणतो भांडंच काढून टाक, सवय मोडेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. भांडं तर अजिबात काढू नका. पाण्यात बसून त्याचा कसला तरी त्रास कमी होतोय, तो त्रास काय आहे हे कळायच्या आधीच उपाय काढून घेतला तर त्रास तसाच राहणार आणि वर प्यायचं पाणीही गेलं. आणि आवडतंय म्हणावं तर दीड वर्ष ज्याने पाण्यात अंग घातलं नाही तो आत्ताच का बसायला लागला? साप तोंडाने काही सांगू शकत नाही, तो जागा बदलतो. कुठे बसलाय आणि कधीपासून बसलाय यावरून आपल्याला ओळखायचं असतं, म्हणून 'आधी करत नव्हता, आता करतो' हे मी कायम गंभीर धरते.

पहिलं काम, भांड्यातलं पाणी बघा. फेकायच्या आधी बघा. पाण्यावर किंवा तळाशी मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे कण दिसले तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे गोचिडीसारखे बारीक किडे, असण्याची शक्यता खूप मोठी. मग साप बाहेर घ्या, पांढरा टिश्यू थोडा ओला करा, मानेपासून शेपटीपर्यंत हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा आणि उजेडात धरून बघा. काळा किंवा गडद तपकिरी ठिपका दिसला आणि तो नखाने दाबल्यावर लाल डाग पडला तर ते सापाचंच रक्त आहे. खवल्यांवर राखेसारखे बारीक पांढरे कण दिसले तर ती माइट्सची विष्ठा. नंतर डोकं बघा, आणि हेच लोक बघत नाहीत. माइट्स पाण्यात बुडून मरतात म्हणून साप पाण्यात बसतो, पण नाकपुड्या पाण्याबाहेर ठेवाव्याच लागतात, मग उरलेल्या माइट्स सरकत सरकत डोक्यावर जमतात. डोळ्याच्या कडेची बारीक खाच, ओठावरचे उष्णता ओळखणारे खड्डे, हनुवटीखालची मधली घडी, या तीन जागा टॉर्च लावून बघा. डोळ्याची कड थोडी सुजल्यासारखी, खवला उचलल्यासारखा दिसत असेल तर आत काहीतरी आहे असं समजा.

मी हे एवढं ठासून सांगते कारण माझ्या पहिल्या बॉल पायथनच्या वेळी मी आठ दिवस हेच बघितलं नव्हतं. त्याला पाणी आवडायला लागलं असं समजून मी रोज ताजं पाणी भरत होते आणि भरताना जुनं न बघता ओतून देत होते. नवव्या रात्री टॉर्चच्या उजेडात त्याच्या खालच्या ओठावरून एक काळा ठिपका चालत गेला आणि डोळ्याच्या कडेत शिरला, तो शिरताना मी बघितला. ते आठ दिवस मला अजून टोचतात.

माइट्स नाहीत अशी खात्री झाली की थर्मामीटरकडे या. काचेला चिकटवायचे गोल डायलवाले असतात त्यांच्यावर जाऊ नका, ते काचेच्या वरच्या भागाचं तापमान सांगतात आणि साप असतो खाली जमिनीवर. वायरच्या टोकाला प्रोब (तापमान मोजणारं छोटं टोक) असलेलं डिजिटल घ्या आणि प्रोब साप जिथे बसतो त्या उंचीला ठेवा. बॉल पायथनला उबदार बाजूला 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला 24 ते 27 असं हवं. थंड बाजूसुद्धा 30 च्या वर गेली असेल तर सापाला गार व्हायला टँकमध्ये, म्हणजे त्याच्या राहायच्या पेटीत, एकच जागा उरते, पाण्याचं भांडं. हीट मॅटला (टँकखालच्या तापणाऱ्या चटईला) तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नसेल तर ती 40 च्या पुढे सहज जाते. थर्मोस्टॅट असला तरी सापाने धडपडीत प्रोब जागेवरून ढकलला असेल तर तो गार जागेचं तापमान वाचून मॅट तापवतच राहतो. प्रोब आत्ता नेमका कुठे आहे हे हात घालून बघा, बाहेरून आकडा वाचून समाधान मानू नका.

उष्णता ठीक असेल तर आर्द्रता. बॉल पायथनला साधारण 55 ते 65 टक्के, कात टाकायच्या वेळी 70 पर्यंत. वर पूर्ण जाळीचं झाकण आणि त्यावर दिवा असेल तर हवा सुकून जाते आणि साप ओल शोधत भांड्यात जातो. यावर दिवसभर स्प्रे मारत बसू नका, त्याने टँकच्या तळाला पसरलेल्या भुशाचा वरचा थर चिकचिकीत होतो आणि पोटाचे खवले खराब होतात. कोको हस्क (नारळाच्या सोडणाचा भुसा) दोन-तीन इंच जाड घाला आणि कोपऱ्यांमधून थोडं पाणी ओता म्हणजे खालचा थर ओला राहील, वरचा कोरडा, आणि हवेत ओल हळूहळू सुटत राहील. झाकणाचा थोडा भाग झाकला तरी फरक पडतो, हवा खेळायला जागा ठेवून.

आणि शेवटी लपायची जागा, हाइड. बॉल पायथन बिळात राहणारा प्राणी आहे, त्याला अंगाला चहूबाजूंनी टेकेल अशी घट्ट जागा लागते. मोठी प्रशस्त गुहा आपल्याला छान दिसते पण त्याला तिथे सुरक्षित वाटत नाही, आणि मग कडा उंच असलेलं भांडंच त्यातल्या त्यात बरं वाटतं. हे ओळखायला मी एक साधी गोष्ट करते. थंड बाजूला दोन डबे ठेवते, झाकणाला साप जाईल एवढंच भोक, एकात ओलसर स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) पिळून घातलेलं आणि दुसरा कोरडा. भांडं आहे तिथेच ठेवायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. साप कोरड्या डब्यात गेला तर त्याला लपायचं होतं, मॉसमध्ये गेला तर ओल हवी होती, आणि दोन्ही सोडून पाण्यातच राहिला तर माइट्ससाठी परत डोकं तपासा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं माहीत असलेल्या व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, घेऊन जा.

प्रश्न : माझ्या कॉर्न स्नेकच्या पाण्यात काळे ठिपके दिसले, एक-दोन हलत पण होते. कोणी सांगतं सापाला तेल लाव, कोणी सांगतं टँकमध्ये झुरळाचा स्प्रे मारून दोन तास बंद ठेव. त्याच खोलीत माझं कासवही आहे. घाबरलोय.

उत्तर : स्प्रे मारू नका. घरातली कीटकनाशकं सापाला सहज विषारी ठरू शकतात, बंद टँकमध्ये तर जास्तच, कारण तो वास तिथेच कोंडून राहतो आणि साप तेच श्वासातून घेतो. तेलाने अंगावरच्या काही माइट्स मरतील पण खरा प्रश्न अंगावर नाहीच. सापाच्या या माइट्स, ऑफिओनिसस नॅट्रिसिस असं त्यांचं शास्त्रीय नाव, अंडी सापावर घालत नाहीत, त्या खाली उतरून अंधाऱ्या ओलसर फटींमध्ये घालतात, लाकडाच्या सालीखाली, टँकच्या कडांच्या सिलिकॉनमध्ये, झाकणाच्या खाचेत. एक मादी आयुष्यात 60 ते 80 अंडी घालू शकते आणि उबदार टँकमध्ये अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे आज साप स्वच्छ केला, उद्या एकही दिसली नाही, तरी दहा दिवसांनी नवीन पिढी वर चढणार. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते म्हणतात औषध लागू पडलं नाही.

तर असं करा. साप तात्पुरत्या साध्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये हलवा, हवेला भोकं, खाली कोरा किचन टॉवेल, एक छोटं हाइड, एक पाण्याचं भांडं, बस्स. टॉवेल रोज बदला आणि जुना पिशवीत गाठ मारून घराबाहेर टाका. मूळ टँकमधला सगळा थर फेकून द्या, लाकूड आणि साल ठेवायचा मोह आवरा, तुम्हाला कितीही आवडत असलं तरी. टँक गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, कोपरे जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवा. हे सगळं एकदा करून भागणार नाही, निदान महिनाभर लक्ष ठेवायचं.

औषध व्हेटच्या सल्ल्यानेच, आणि त्यांना कासव आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. आयव्हरमेक्टिन नावाचं औषध माइट्ससाठी वापरलं जातं, ते कासवांना मारक आहे. सापांमध्येसुद्धा डोस वजनावर काटेकोर मोजावा लागतो. फिप्रोनिलसारखं औषध सांगितलं तर ते बहुधा कापडावर घेऊन पुसायला सांगतील, तोंड आणि डोळे सोडून. औषध लावलेल्या वेळात पाण्याचं भांडं बाहेर ठेवायचं का आणि किती वेळ ते नीट विचारून घ्या, कारण साप औषधासकट पाण्यात बसला की औषध पाण्यात उतरतं आणि मग तो तेच पितो. भांडं बाहेर काढायची वेळ आली तर फक्त हीच, आणि तीही तेवढ्यापुरतीच. ज्यांना औषध नकोच असतं ते माइट्स खाणाऱ्या दुसऱ्या माइट्स सोडतात, स्ट्रॅटिओलेलॅप्स नावाच्या, त्या सापाला काही करत नाहीत आणि मातीत राहून शिकार करतात. त्या मातीच्या टँकमध्ये बऱ्या, पण आधी औषध मारलं असेल तर त्याने त्याही मरतात, म्हणून दोन्ही एकत्र चालत नाही.

हात धुतल्याशिवाय आणि बाहीचा शर्ट बदलल्याशिवाय दुसऱ्या सापाला हात लावू नका. या माइट्स रक्त पितात, लहान साप तेवढ्याने अशक्त होतो, आणि एका सापाकडून दुसऱ्याकडे जंतू नेतात हे वेगळंच. नवीन साप आणला की निदान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, हे माझ्या घरात कोणाच्याही आग्रहाने मोडत नाही.

प्रश्न : माझा ब्राझिलियन रेनबो बोआ आठवड्यातून तीन-चार रात्री पाण्यात असतो. लहानपणापासून असाच आहे. हे पण आजाराचं लक्षण का?

उत्तर : नाही, तुम्ही निवांत राहा. हा दमट जंगलातला साप आहे, त्याला 75 ते 90 टक्के आर्द्रता लागते आणि पाणी त्याच्या रोजच्या जगण्याचाच भाग आहे. ग्रीन ॲनाकोंडा, बर्मीज पायथन, गार्टर स्नेक यांचंही तसंच. याच्या उलट सँड बोआ, कोरड्या वाळूत पुरून राहणारा, तो जर पाण्यात बसलेला दिसला तर मी त्याच दिवशी टॉर्च घेऊन बसेन. तुमच्याकडे कुठला साप आहे आणि तो आत्तापर्यंत काय करत आलाय, या दोन गोष्टींशी ताडून बघायचं. पाणी मात्र रोज बदला, साप पाण्यातच विष्ठा करतात आणि तेच पितातही.

प्रश्न : कॉर्न स्नेकचे डोळे दुधाळ निळे झाले आणि तो पाण्यात जाऊन बसला. पाच-सहा दिवसांनी कात टाकली पण तुकड्यातुकड्यात, आणि एका डोळ्यावर पापुद्रा राहिलाय असं वाटतं. चिमट्याने काढू का?

उत्तर : चिमटा लांब ठेवा. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना त्याचा वरचा थर बाकीच्या कातीबरोबर निघून येतो. तो राहिला आणि आपण ओढायला गेलो तर खालचा खरा खवला फाटू शकतो, मग डोळाच जातो.

आधी पडलेली कात शोधा. ओली करून हलकेच पसरा आणि डोक्याचा भाग उजेडाकडे धरा, दोन्ही डोळ्यांच्या जागी छोट्या काचेसारख्या गोल वाट्या दिसतात का बघा. एकच दिसली तर दुसरी डोळ्यावर आहे. कधीकधी डोळा नुसता सुरकुतलेला किंवा थोडा चेपलेला दिसतो आणि कातीत मात्र दोन्ही वाट्या असतात, म्हणजे राहिलेलं काहीच नाही, साप कोरडा पडलाय एवढंच. हे न बघता ओढाओढी करून चांगला डोळा घालवलेला साप मी जवळून बघितलाय, म्हणून आधी कात हातात घ्या.

राहिलीच असेल तर ओलसर मॉसचा डबा एक-दोन दिवस आत ठेवा, साप स्वतः आत-बाहेर करेल आणि भोकाच्या कडेला डोकं घासेल. बहुतेकदा तेवढ्याने किंवा पुढच्या कातीबरोबर ते निघतं. दोन काती झाल्या तरी राहिलं तर व्हेट. शेपटीचं टोकही बघून घ्या, तिथे कातीची रिंग राहिली तर ती आवळत जाते आणि रक्त पोचेनासं होऊन टोक काळं पडतं.

कातीच्या आधी पाण्यात बसणं तसं वाईट नाही, पण प्रत्येक वेळी बसत असेल आणि प्रत्येक वेळी कात तुकड्यात निघत असेल तर हवा कोरडी आहे. निरोगी सापाची कात अख्खी निघते, मोजा उलटा काढल्यासारखी.

प्रश्न : मी दर रविवारी सापाला कोमट पाण्यात अर्धा तास बसवते, स्वच्छ राहतो म्हणून. बरोबर ना?

उत्तर : प्रेमाने करताय हे कळतं, पण गरज नाही. सापाला अंघोळ लागत नाही, आणि धरून पाण्यात ठेवलेला साप घाबरलेला असतो. टबात जो गोल गोल फिरत राहतो तो मजेत पोहत नसतो, बाहेर पडायची वाट शोधत असतो. बद्धकोष्ठ असेल, अंगाला सुरकुत्या पडल्या असतील आणि व्हेटने सांगितलं असेल तर 28-30 अंशाचं पाणी, त्याच्या अंगाच्या निम्म्या जाडीएवढंच खोल, 15-20 मिनिटं, आणि तुम्ही समोर बसलेल्या. जेवल्यावर दोन दिवस तर मुळीच नको, हाताळल्याने तो खाल्लेलं बाहेर टाकतो आणि ते सापाला फार जड जातं. एरवी भांडं भरलेलं ठेवा, जायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

प्रश्न : बॉल पायथनची मादी नराबरोबर ठेवली होती. आता ती भांड्याला विळखा घालून बसते, कधी आत जाते. माइट्स नाहीत, बघितलं.

उत्तर : मग अंडी धरली असण्याची शक्यता आहे. अंडी तयार होताना माद्या बरेचदा गार जागा शोधतात, भांड्याला विळखा घालतात, कधी पोट वर करून पडतात, खाणं सोडतात. पुढे याच माद्या उबदार बाजूला चिकटून राहतात. घट्ट ओलसर हाइड द्या आणि उगाच हाताळू नका.

प्रश्न : माझा बोआ बारा वर्षांचा आहे. दोन आठवडे पाण्यातच आहे. पोटाचे काही खवले गुलाबी झालेत आणि काल तोंड थोडं उघडं ठेवून मान वर करून बसला होता. थांबून बघू का थोडे दिवस?

उत्तर : थांबू नका, उद्याच जा. दोन गोष्टी एकत्र झाल्यात असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. पोट सतत ओलं राहिलं की खवल्यांखाली जंतू शिरतात, आधी गुलाबी डाग, मग पाण्याने भरलेले फोड, मग तपकिरी होऊन झडणं, याला स्केल रॉट म्हणतात. आणि तोंड उघडं ठेवून मान वर करणं हे श्वास नीट घेता येत नसल्याचं लक्षण असतं. नाकाशी बुडबुडे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडात चिकट लाळ हे पण बघा, पण ते नसेल तरी जा. फुफ्फुसाचा संसर्ग घरी बरा होत नाही, आणि खोकून बाहेर काढणं सापाला जमत नाही.

मूळ प्रश्न मात्र वेगळाच असू शकतो. म्हाताऱ्या सापात किडनी बिघडली की तो जास्त पाणी पितो आणि पाण्याजवळ राहतो. विष्ठेबरोबर पांढरा खडूसारखा भाग येतो तो त्याच्या लघवीचा, तो केशरी आणि खड्यासारखा टणक येत असेल तर सापाच्या अंगात पाणी कमी पडतंय. शेपटीच्या सुरुवातीला जिथे विष्ठेची जागा असते तिथे हात फिरवून गाठ लागते का तेही बघा, पण दाबू नका.

आजची रात्र त्याला कोऱ्या टॉवेलवर कोरडं ठेवा, उबदार बाजू नेहमीच्या तापमानाच्या वरच्या टोकाला, प्यायला छोटं भांडं, ज्यात तो बसू शकणार नाही एवढं. भांडं लहान करायला मी एरवी सांगत नाही, पण पोटाची कातडी सोलायला लागली असेल तर पर्याय नसतो. जाताना टँकच्या दोन्ही बाजूंचं तापमान आणि आर्द्रता कागदावर लिहून न्या, टँकचा फोटो घ्या, शेवटचं कधी खाल्लं, शेवटची कात कधी, पाण्यात कुठल्या तारखेपासून बसलाय ते सगळं लिहा, कारण व्हेटसमोर बसल्यावर आठवत नाही. ताजी विष्ठा मिळाली तर बंद डबीत न्या. आणि आज भांडं रिकामं करण्याआधी त्यातलं थोडं पाणी एका स्वच्छ पांढऱ्या वाटीत काढून उजेडात बघा, काही दिसलं तर झाकणाच्या बाटलीत भरून तेही सोबत घ्या.